झुंबरबाईच्या जागी

तुळशीची लग्नं लागून दोन दिवस झाले होते. डोणवाडीत आता माणसांच्या लग्नांची घाई उडाली होती. येत्या गुरुवारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येणार होता आणि त्याच्या आत जी लग्नं लागायची ती लागून जायला हवी होती. नव्व्याण्णव सालची ही गोष्ट.

झुंबरबाईच्या घरचं लग्न सोमवारी होतं. नवरदेव तिचा मुलगा काकासाहेब आणि नवरी तिच्या धाकट्या भावाची, पिंपळवाडीच्या कडूबाची लेक गंगासागर. मामाची मुलगी करून घ्यायची म्हणजे घरातलंच काम. मागणी, कुंकू, साखर सगळं दसऱ्यालाच उरकलं होतं. काकासाहेबाला विसावं चालू होतं. गंगासागर तेरा वर्षांची होती आणि सातवीत शिकत होती.

सकाळपासून झुंबरबाई ओसरीवर जात्याशी बसून हळद दळत होती. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तेवढ्यात ग्रामसेवक धर्मराजची मोटारसायकल दारात येऊन थांबली. धर्मराज अंबडला राहायचा आणि आठवड्यातून दोनदा गावात यायचा. आज त्याचा वार नव्हता.

"सरपंचबाई, एक सही पाह्यजे. जल्दी."

"हात भरलेत, भाऊसाहेब."

"मंग धुवा. दिल्लीहून आलाय."

"कोण आलंय?"

"कोणी न्हाई. प्रश्न आलाय." धर्मराजने कागद पिशवीतून काढला आणि हळदीपासून लांब धरला. "लोकसभेत कुणा खासदारानं प्रश्न टाकलाय. पोरींच्या शिक्षणासाठी सरकारनं एवढ्या योजना काढल्या, बायांच्या कामासाठी एवढ्या काढल्या, तरी बालविवाह का होऊन राह्यलेत? त्याच्यावर मोठी चर्चा हाय. मंत्र्याला उत्तर द्यायचंय."

"मंत्र्याला इचारलं तर तुम्ही का पळून राह्यलात?"

"मंत्र्याला काय ठावं? मंत्री कलेक्टरला इचारतो, कलेक्टर तहसीलला, तहसील मला."

"आन तुम्ही?"

"मी तुम्हाला," धर्मराज म्हणाला आणि हसला. "म्हंजी तुमच्या सहीला."

झुंबरबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेतला. चार वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, ती अंगणवाडीच्या सत्यशीलाबाईच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिला एक खोड लागली होती. वाचल्याशिवाय ती सही करत नसे. वाचायला तिला वेळ लागे. ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत ती वाचायची आणि तोवर समोरचा माणूस घड्याळाकडे बघत उभा राहायचा.

कागदावर तीन रकाने होते. मागील एका वर्षात गावात झालेले अठरा वर्षांखालील मुलींचे विवाह. शाळा सोडलेल्या मुली. रोजगार हमी योजनेवर काम मागितलेल्या महिला. तिन्ही रकान्यांत धर्मराजच्या गोल अक्षरात एकच शब्द होता. निरंक.

"निरंक म्हंजी?"

"म्हंजी काही न्हाई. एकबी न्हाई."

"भाऊसाहेब, उन्हाळ्यात त्रेचाळीस बायांनी काम मागितलं. अर्ज मीच दिल्ते तुमच्या हातात."

"दिल्ते. पण ते अर्ज पुढं गेले न्हाईत. पुढं गेले न्हाईत म्हंजी मागणी न्हाई. मागणी न्हाई म्हंजी निरंक." हे त्याने कसलाही राग न धरता, लहान मुलाला पाढा सांगावा तसं सांगितलं.

"आन लग्नं?"

धर्मराजने एकदा जात्याकडे पाहिलं, एकदा सुपातल्या हळकुंडांकडे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुमच्याच दारात हळद दळून राह्यलीय. कशाला काढता तो विषय? मी तुमच्याच भल्यासाठी लिव्हलंय."

झुंबरबाईने कागद जात्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवला. "कागद राहू द्या," ती म्हणाली. "उद्या या. मी वाचून ठिवते."

"वाचला की आत्ता."

"आजून एकदा वाचते."

*

झुंबरबाई सरपंच कशी झाली हे गावाला ठाऊक होतं. बायांसाठी जागा राखीव झाली आणि उपसरपंच रामरावांना सही करील अशी बाई हवी होती. रामरावांचं शेत नदीच्या कडेला होतं आणि गावातलं पान त्यांच्या शब्दाशिवाय हलत नसे. झुंबरबाईचा नवरा पुंजाराम त्यांच्या शब्दातला होता. म्हणून गेल्या साली दिवाळीच्या आधी झुंबरबाई खुर्चीवर बसली. पुंजाराम तेव्हापासून पारावर रामरावांच्या शेजारी बसू लागला. लोक त्यालाच सरपंच म्हणत.

त्याआधी वीस वर्षं झुंबरबाई दर हंगामाला ऊस तोडायला जात होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चालत गाडीत चढवायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता आणि अर्धा कोयता मुकादम टोळीत घेत नाही. पुंजाराम भरल्या गाडीच्या फळीवरून पडला आणि त्याची कंबर गेली, तेव्हापासून झुंबरबाई आणि काकासाहेब मिळून कोयता पुरा करत. ती सरपंच झाली आणि तिची जागा मोकळी पडली. गेल्या साली काकासाहेब चुलतबहिणीला घेऊन गेला. यंदा वैशाखात त्या बहिणीचं लग्न झालं. जागा पुन्हा मोकळी पडली.

त्या मोकळ्या जागेसाठी गंगासागर येत होती. हे कुणी तोंडाने बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती, गावात बहुतेक लग्नं याच हिशेबाने लागत. पावसाळा संपला की कामाची दुसरी वाट नसे, म्हणून कोयता. कोयता पुरा हवा, म्हणून बायको. बायको हवी, म्हणून कुणाची तरी पोर शाळेतून काढायची. झुंबरबाईने कागद पुन्हा वाचला तेव्हा तिला दिसलं की ते तीन रकाने वेगळे नव्हतेच. एकात खोटं लिहिलं की पुढच्यात खोटं लिहावंच लागत होतं.

तिने बोटांवर लग्नं मोजली. अक्षता तिने सगळ्यांवर टाकल्या होत्या. सरपंच म्हणून पहिल्या पाटावर बसवून तिला टोपी-उपरण्याच्या जागी खण दिला होता. अकरा लग्नं भरली. त्यातलं एक तिच्या चुलतपुतणीचं होतं.

दुपारी पुंजाराम जेवायला आला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "धर्मराज सांगत होता, सही केली न्हाईस."

"खोटं लिव्हलंय त्यात."

"सरकारी कागद हाय तो. त्याच्यात खरं कशाला असंल?"

"अकरा लग्नं झाली, आवं."

"झाली. आन बारावं सोमवारी हाय, आपल्या दारात. मंग कसं करायचं? आपलंच नाव आपल्या हातानं लिव्हायचं?" त्याने पाण्याचा तांब्या वर केला आणि पुन्हा खाली ठेवला. "हे बघ, कोयता अर्धा हाय आपला. पोरगी आली की पुरा झाला. मुकादमानं यादीत नाव घातलंय. आता अक्षरं शिकलीस म्हणून घर मोडू नगंस."

तिने त्याच्या ताटात कालवण वाढलं.

*

संध्याकाळी चोळीचं माप घ्यायचं निमित्त करून ती पिंपळवाडीला गेली. दीड कोसाची वाट होती. कडूबा घरी नव्हता. त्याची बायको सोनूबाई अंगणात उभी होती आणि तिच्या पुढून गंगासागर चालत येत होती. अंगात शाळेचा निळा झगा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कडब्याची भलीमोठी पेंढी.

"मान ताठ ठिव," सोनूबाई सांगत होती. "खाली बघू नगं. फळीवर खाली बघितलं की तोल जातो." मग नणंदेला पाहून ती ओशाळली. "आक्का, तुम्ही? सवय करून राह्यले पोरीला. येकदम नगं म्हणलं."

गंगासागर पेंढी घेऊनच थांबली. तिची मान थरथरत होती, पण तोंड हसरं होतं. "आत्या, खरी मोळी केवढ्या वजनाची असती?"

"याच्या दुप्पट," झुंबरबाईने सांगितलं आणि दोन्ही हातांनी पेंढी उचलून खाली ठेवली. पोरीच्या कपाळावर चुंबळीचा वळ उमटला होता. "आज शाळेत गेली न्हाईस का?"

"आता कशाला शाळा?" पोर म्हणाली. "गुरुजी म्हणत होते, सहामाहीला गणितात पहिली आलीस, आता थोडं थांब म्हण बापाला. बा म्हणला, थांबायचं कसं? आत्याची जागा मोकळी हाय." तिने चुंबळ काढून झटकली. "तुम्ही सरपंच झालात ना, म्हणून तुमच्या जागी मला घेतलंय. बा सगळ्यांला सांगून राह्यलाय. माझी पोर सरपंचाची जागा चालवणार."

हे ती अभिमानाने सांगत होती.

झुंबरबाईने माप घेतलं. दंडाला दोरा गुंडाळला तर तो इतका थोडा लागला की तिने पुन्हा गुंडाळून पाहिला. सोनूबाईने चहा टाकला. झुंबरबाई मापाचा दोरा बोटाला गुंडाळत बसली. आपल्याला खुर्ची मिळाली ती बायांचं भलं व्हावं म्हणून. तसा कायदा दिल्लीत झाला, असं वर्गात सत्यशीलाबाईनेच वाचून दाखवलं होतं. आणि त्या खुर्चीखाली ही पोर सापडली होती.

*

परतताना अंगणवाडीची कडी वाजवली. सत्यशीलाबाई रजिस्टर लिहीत बसली होती. गावातली मोठी घरं तिच्या हातचं पाणी पीत नसत, पण त्या घरांतल्या सगळ्या सुना तिच्याकडे अक्षरं गिरवून गेल्या होत्या.

"बाई, मी काय लिव्हू?" झुंबरबाईने कागद पुढे केला.

सत्यशीलाने तो वाचला. मग स्वतःचं रजिस्टर झुंबरबाईकडे फिरवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "वाचा."

झुंबरबाईने वाचलं. किशोरवयीन विवाह. निरंक.

"तीन वर्षं झाली लिहून राह्यले," सत्यशीला म्हणाली. "पहिल्या साली खरं लिव्हलं होतं. सुपरवायझर म्हणल्या, तुझ्याच गावात कसे? मंग तू काय काम केलं? मानधन थांबलं. माझी दोन लेकरं हायेत, आक्का. मी तुम्हाला काय सांगू? खरं लिव्हा म्हणायला तोंड पाह्यजे."

"तुम्हीच शिकवलं मला."

"अक्षरं शिकवली," सत्यशीला हळूच म्हणाली. "पुढचं मलाबी येत न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी अकराला ग्रामपंचायतीच्या खोलीत धर्मराज आला. बाकावर रामराव बसले होते, त्यांच्या शेजारी पुंजाराम. टोळीचा मुकादम सर्जेराव विड्या ओढत दाराशी टेकला होता. यादी पक्की करायला तो सहज आला होता की त्याला बोलावलं होतं, हे झुंबरबाईने विचारलं नाही. तिने कागद टेबलावर ठेवला.

धर्मराजने पाहिलं आणि त्याच्या कपाळाला घाम आला. त्याच्या तिन्ही निरंकांवर आडव्या रेघा होत्या. शेजारी मोठ्या, वाकड्या अक्षरांत आकडे होते. अकरा. नऊ. त्रेचाळीस. आणि मागच्या बाजूला अकरा मुलींची नावं, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव. ते लिहायला तिला पहाटेपासून इतका वेळ लागला होता.

"रामराव साहेब, हे बघा काय केलं बाईंनी," तो म्हणाला.

रामरावांनी कागद घेतला, चष्मा लावला, नावं वाचली. सातव्या नावावर थोडा वेळ थांबले. ते त्यांच्या पुतण्याच्या बायकोचं होतं. चष्मा काढून ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "झुंबरबाई, तुम्हाला या खुर्चीवर कुणी बसवलं?"

"गावानं."

"गावानं म्हंजी कुणी?"

"तुम्ही," झुंबरबाई म्हणाली.

"बराबर. आता सांगा, या अकरा लग्नांत पहिल्या पाटावर कोण बसलं होतं?"

"मी."

"अक्षता टाकल्या?"

"टाकल्या."

"मंग उद्या पोलिसाची गाडी आली तर पहिलं कुणाला बसवतील तिच्यात?"

"मला बसवतील," ती म्हणाली. रात्री तिचं हे सगळं स्वतःला विचारून झालं होतं. "बसवू द्या."

सर्जेराव दाराशी हसला. "बाई, तुमच्याच घरात सोमवारी बाशिंग बांधून राह्यलेत. ते बारावं कुठं लिव्हलं?"

पुंजाराम खाली बघू लागला. रामरावांनी कागदाची घडी घातली, जणू विषय संपला. खरं म्हणजे तिथेच तिला धरायचं ठरलं होतं. ती सही करील किंवा स्वतःच्या मुलाचं नाव लिहील. दोन्हीत ती गप्प होणार होती.

"बारावं लागत न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

"काय?" पुंजारामने मान वर केली.

"सोमवारचं लग्न लागत न्हाई. पोर तेरा वर्साची हाय."

"आन कोयता?" सर्जेरावचं हसू गेलं. "माझ्या यादीत तुमचा पुरा कोयता हाय. गुरुवारी अर्धा घिऊन मी काय करू? ऐनवेळी दुसरी जोडी कुठून आणू?"

"पुराच देते. काकासाहेब आन मी."

सर्जेरावने तोंडातली विडी काढली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"तुझं डोकं फिरलं का?" पुंजाराम काठी टेकत उभा राहिला. "सरपंच ऊस तोडायला जाती? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

धर्मराज चाचरत म्हणाला, "बाई, सहा महिने बैठकीला आल्या न्हाईत तर पद जातं. तसा नियम हाय. हंगाम संपेपर्यंत सहा महिने भरत्यात."

"ठावं हाय मला. तुम्हीच वाचून दावला होता, भाऊसाहेब, शपथेच्या दिवशी."

रामरावांचा चेहरा हळूहळू सैल झाला. जे करायला त्यांना वर्षभर युक्त्या लढवाव्या लागल्या असत्या ते बाई स्वतःच्या हाताने करत होती. "मंग तर भांडणच मिटलं," ते म्हणाले. झुंबरबाईचा कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकला. "धर्मराज, कोरा कागद घ्या. बाईंची तब्येत बरी न्हाई. उपसरपंच सही करतो."

धर्मराजने कोरा कागद काढला, पट्टी धरून रेघा आखल्या आणि तिन्ही रकान्यांत तोच शब्द लिहिला. झुंबरबाई खुर्चीच्या कडेवर बसून ते बघत होती. कागद हिसकावून घ्यावा असं तिच्या मनात आलं. पण तिच्यापाशी बळ थोडं होतं आणि ते एकीकडेच लावता येणार होतं. कागदासाठी भांडत बसली असती तर या चौघांनी मिळून सोमवार साधला असता. तिने कागद सोडला.

पुढे महिन्याभराने दिल्लीत ती चर्चा झाली. प्रश्न विचारणाऱ्याने पोटतिडकीने विचारलं आणि उत्तर देणाऱ्याने त्याच्यापुढे आलेले आकडे वाचले. कोणी मुद्दाम खोटं बोललं नसेल. आकडा डोणवाडीतून निघाला तेव्हाच तो साफ झाला होता.

*

शनिवारी कडूबा बायकोला मागे घेऊन तरातरा आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आक्का, दसऱ्याला कुंकू लावलंस पोरीला. आता मोडतीस. मी तिला कुणाच्या दारात उभी करू?"

"मोडलं कुणी?" झुंबरबाई म्हणाली. "कुंकू माझं हाय. पोर माझ्या घरानं मागितलेली हाय. फकस्त लग्न आत्ता न्हाई. पाच वर्सांनी बघू."

"पाच वर्सं? तवर लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. पण ध्यानात ठिव, मधी कुण्या पाव्हण्याला तिला दावलीस तर मी भावकी बसवीन. मागितलेली पोर दुसऱ्याला दिली म्हणून. सख्खी बहीण हाय मी, तरी बसवीन."

मागणी घातलेली पोर दुसरीकडे देणं म्हणजे नात्यातून उठणं, हे कडूबाला कळत होतं. ज्या दाव्याने पोर बांधली होती तेच दावं झुंबरबाईने तिच्याभोवती कुंपणासारखं फिरवलं होतं. तिला त्यात मोठेपणा वाटत नव्हता. दावं ते दावंच होतं. पण त्या घडीला तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

"आन पाच वर्सांनी?" कडूबाने विचारलं.

"पाच वर्सांनी तिला इचारू. ती न्हाई म्हणली तर कुंकू मी पुसते."

"पोरीला इचारणार?" तो कडवट हसला. "काकासाहेबाला इचारलंस का?"

काकासाहेब गोठ्यात कोयत्याला धार लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "मला काय घाई न्हाई, मामा. ल्हानपणी मी तिला खांद्यावर घिऊन जत्रा दाखवली. मला कसंनुसं होऊन राह्यलं होतं." इतकं तो वर्षात बोलत नसे.

कडूबा पाठ फिरवून चालू लागला. भाऊबीजेला पुन्हा या दारात यायचा नाही, हे झुंबरबाईला त्याच्या चालण्यावरूनच कळलं. सोनूबाई मात्र क्षणभर मागे राहिली. तिने नवरा वळणापलीकडे जाईतो वाट पाहिली.

"आक्का, सोमवारी शाळेत धाडू का तिला?"

"सोमवारीच धाड," झुंबरबाई म्हणाली.

*

गुरुवारी दुपारी ट्रक आला. भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक चढलं. झुंबरबाई चढली तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. रामरावांनी पान खात मान हलवली. कुणीतरी म्हणालं, "बघा, आपली सरपंचकी चालली ट्रकात बसून," आणि काहीजण हसले. ते हसणं तिच्या पाठीत शिरलं, पण तिने वळून बघितलं नाही.

पुंजाराम आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता. गाठोडं वर देताना खालूनच म्हणाला, "गुडघ्याला तेल लावत जाय."

"लावीन," ती म्हणाली.

ट्रक गोदावरीच्या वाटेला लागला. तिच्या कागदावरच्या अकरा पोरींपैकी पाच जणी सुना म्हणून याच गावात आलेल्या होत्या आणि त्या पाचही याच ट्रकात, फळ्यांना धरून बसल्या होत्या. वर्षभर ती त्यांना खुर्चीवरून बघत होती. आज त्यांच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला होता. एकीने सरकून तिला जागा दिली.

"कितीवं चालू हाय गं तुला?" झुंबरबाईने तिला विचारलं.

"अठरा," पोरगी म्हणाली. लगेच म्हणाली, जणू कुणी दार वाजवलं आणि तिने कडी काढली.

"आन तुला?"

"अठरा."

"मलाबी अठराच," तिसरीने न विचारताच सांगितलं.

"आगं माझे बाई," कोपऱ्यातून म्हातारी मालनबाई म्हणाली, "समद्या एकाच दिशी जल्मल्या का काय?" ट्रकातल्या बाया हसू लागल्या. त्या पोरीही हसल्या.

हसली नाही ती मैना. कागदावरचं नववं नाव. पोट चार महिन्यांचं दिसत होतं. तिच्या शेजारी तिची सासू बसली होती, म्हणून मैना पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"मैना," झुंबरबाई म्हणाली, "तुला गं?"

सासूने कोपर मारलं. ते सगळ्यांना दिसलं. ट्रक खड्ड्यातून उसळला, भांडी खणखणली आणि बाया एकमेकींवर आदळून पुन्हा सावरल्या. झुंबरबाईने विचारलेलं मागे घेतलं नाही. ती थांबून राहिली, वर्गात सत्यशीला थांबायची तशी.

"चैतात पंधरावं लागंल," मैना म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्या बायांना तो कळलाच नाही.

"काय म्हणली गं?" मालनबाईने विचारलं.

"मला ऐकू आलं," झुंबरबाई म्हणाली. "त्यांना न्हाई आलं. आजून एकदा सांग. मोठ्यानं."

सासू तिच्याकडे रागाने बघत होती. पुढे केबिनमध्ये मुकादम बसला होता. मैनाने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि इंजिनाच्या आवाजाच्या वर आवाज काढून पुन्हा सांगितलं.

ट्रकात कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने, सगळ्यांत आधी अठरा म्हणालेली पोरगी झुंबरबाईकडे न बघता म्हणाली, "मला सोळा हायेत."

मग तिसरीही बोलू लागली.